उजवीकडची भिंत

पापनाशमचे मिरासदार कल्याणराम यांना दोन भिंती हव्या होत्या, आणि त्या तै महिन्यातल्या, म्हणजे जानेवारीतल्या, मुहूर्ताच्या आत हव्या होत्या.

“तोंड दिसायला पाहिजे भिंतीत,” ते म्हणाले. “कारैकुडीला एका हॉटेलात बघून आलों. फॉरिनची माणसं भिंतीवर गाल ठेवून फोटो काढतात, मेस्त्री. खोटं नाही सांगत.”

तुकोजी राजवाड्यामागच्या गल्लीत आपल्या घराच्या ओट्यावर बसून ऐकत होता. घराण्यात चुन्याचं काम किती पिढ्यांचं, असं कुणी विचारलं तर तो बोटं मोजायला लागायचा आणि एका हाताची बोटं संपली की हसून सोडून द्यायचा. गारगोटीनं घोटलेली आरशासारखी भिंत करणारा तंजावुरात आता तोच एक उरला होता. बाकीचे काही मेले, काही सिमेंटला लागले.

कल्याणरामांनी बसस्टँडच्या रस्त्यावरचं आपलं भाताचं खळं मोडून तिथं लग्नाचा हॉल बांधला होता. सत्त्याण्णव साल होतं. भातापेक्षा मुहूर्त जास्त पिकतात असं ते स्वतःच म्हणायचे. हॉलमधलं पहिलं लग्न त्यांच्या मुलीचं, हरिताचं. मुलगा अमेरिकेत कंप्यूटरमध्ये, त्याला रजा तीन आठवड्यांची. तारीख इकडची तिकडं होणार नव्हती.

“चुना खड्ड्यात मुरायला चाळीस दिवस,” तुकोजी म्हणाला. “हिरडा आणि गूळ पाण्यात आंबायला पंधरा दिवस, ते त्यातच धरा. मग पाच थर. एक थर बसल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही, आणि मध्ये ऐप्पसीचा पाऊस. मग घोटाई. घोटल्यावर भिंत घाम टाकते, तो महिनाभर पुसायचा. तैपर्यंत एक भिंत होईल, मिरासदार. तीही जेमतेम. दुसरी वैकासीत, उन्हाळ्यात.”

“वैकासीत माझा जावई शिकागोत असेल.”

तेवढ्यात तुकोजीचा मुलगा साईराम टीव्हीएस मोपेडवरून आला. सव्वीस वर्षांचा, शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक कॅल्क्युलेटर. वर्षभरापासून तो घरांना पांढऱ्या सिमेंटची भिंत करून द्यायचा, वर मशीननं पॉलिश. गाडी स्टँडला लावता लावताच त्यानं अस्की, म्हणजे सगळंच, ऐकलं होतं.

“मामा, बावीस दिवस,” तो म्हणाला. “दोन्ही भिंती. तोंड दिसेल, दात पण दिसतील.”

कल्याणराम खूप हसले. मग बापाकडं बघितलं, मुलाकडं बघितलं आणि त्यांना एक गंमत सुचली. “बोहल्याच्या उजवीकडची भिंत बापाची, डावीकडची मुलाची. आम्ही बसून बघतों कोण जिंकतं.”

त्या दुपारी जेवताना तुकोजीनं गंमतीचा करार केला. अंबा वाढत होती. ती साराचं भांडं हातात धरून तशीच उभी राहिली, कारण नवरा जेवताना सहसा बोलत नसे.

“लग्नाला आलेली माणसं तुझ्या भिंतीकडं बघत राहिली,” तो मुलाला म्हणाला, “तर मी तुला परत कधी चुन्याच्या घाणीवर ये म्हणणार नाही. माझ्या भिंतीकडं बघत राहिली तर तू तीन वर्षं माझ्याबरोबर.”

“तीन वर्षं कशाला हो अप्पा? चुनाच ना तो?”

“एक वर्ष हाताला चुना कळायला. एक वर्ष डोळ्याला.”

“आणि तिसरं?”

“तिसरं हे दोन्ही विसरायला.”

“अम्मा, बघ, हे विसरायला पण वर्ष लावतात.” साईराम हसला, भात कालवला आणि म्हणाला, “चालेल.”

अंबानं सार वाढलं. तिला कळलं की या माणसाला मिरासदाराची भिंत नको आहे, हॉल नको आहे, नावही नको आहे. त्याला मुलगा हवा आहे, आणि तो मागायची त्याला दुसरी रीत येत नाही.

चुना आवणीत, ऑगस्टअखेर, भिजला. पापनाशमला हॉलच्या मागं खड्डा काढला, कळीचा चुना त्यात टाकून पाणी सोडलं, आणि खड्डा दोन दिवस तापल्या म्हशीसारखा फुरफुरत राहिला. तिसऱ्या दिवशी गप्प झाला. मग तुकोजी रोज सकाळच्या बसनं जायचा, काठीनं ढवळायचा, बोट बुडवून बघायचा, झाकून परत यायचा. शेजारच्या चहावाल्याला वाटायचं, हा माणूस खड्ड्याला भेटायला येतो.

हिरड्याच्या पाण्याला आंबूस वास आला तसा चुना घाणीत पडला. दगडी चाक गोल चरात फिरे, बैल पुढं, मागं अंबा. कडेला सरकलेला चुना ती लाकडी पळीनं आत ओढे आणि फिरता फिरता गाई. ओव्या तिच्या आईच्या होत्या, शब्द निम्मे विसरलेले. विसरलेल्या जागी ती आपलेच घालायची.

फिर गं घाणी बाई, दाणा नाही पोटी
चुन्याची ही रोटी, भिंत जेवे

रोटी कुणी पाहिली होती तिच्या घरी? भाताच्या देशातली बाई. पण आईनं म्हटलेलं, म्हणून रोटीच.

ऐप्पसी उजाडली आणि पाऊस बसला. तुकोजीनं भिंतीला पहिला थर दिला होता, दुसरा द्यायला तो एकोणीस दिवस थांबला. कल्याणराम छत्री घेऊन यायचे, भिंतीसमोर उभे राहायचे. खरबरीत, राखाडी, ओली भिंत. “मेस्त्री, ही तर गोठ्याची दिसतेय.”

“अजून ती आपली नाही झाली,” तुकोजी म्हणायचा.

“मग कुणाची आहे?”

“पावसाची.”

समोरची डावीकडची भिंत नुसत्या विटांची होती. साईरामनं तिला हातच लावला नव्हता. कुंभकोणमला एका डॉक्टरचं घर, तंजावुरात एक दागिन्यांचं दुकान आणि मेडिकल कॉलेजकडं दोन बंगले एवढं आधी संपवून तो डिसेंबरात, मार्गळीच्या पहिल्या आठवड्यात, चार माणसं आणि एक मशीन घेऊन आला. एकोणीस दिवसांत त्याची भिंत उभी राहिली. दुधासारखी पांढरी, वर मेण. सांगितलेल्यापेक्षा तीन दिवस आधी. शेवटच्या दिवशी त्यानं खिशातून फणी काढली आणि भिंतीत बघून भांग पाडला.

“दिसतं का रे?” तुकोजीनं समोरच्या परांचीवरून विचारलं. तो तेव्हा गारगोटी फिरवत होता. शिंपल्यांचा चुना वस्त्रगाळ करून त्यात अंड्याचा पांढरा बलक घातलेला शेवटचा थर. त्यावर गुळगुळीत गारगोटी, खालून वर, वरून खाली, एका हाताच्या रुंदीला अर्धा दिवस.

“तुमच्यापेक्षा चांगला दिसतो मी,” साईराम म्हणाला.

पोंगलनंतर चार दिवसांनी परांची उतरली आणि तुकोजीची भिंत उघडी झाली. अंबा डबा घेऊन आली आणि दारातच थबकली. ही पांढरी नव्हती, दुधावरच्या साईसारखी होती, आणि खोल. बाहेरच्या रस्त्यावरून बस गेली की तिच्यातून एक लाल सावली सरकत जायची, तळ्यातून मासा गेल्यासारखी. साईरामच्या भिंतीत तोंड वरवर दिसायचं. हिच्यात माणूस आत कुठंतरी उभा दिसायचा.

साईरामही आला होता. तो भिंतीसमोरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. तुकोजी भिंतीकडं पाठ करून मुलाकडंच बघत होता.

“सुकली का?” शेवटी मुलानं विचारलं.

“घाम टाकेल अजून. पुसायला महिना पाहिजे. हातात अकरा दिवस आहेत.”

खरंच भिंतीवर दाणे फुटायला लागले होते. आतलं पाणी वाट काढत वर येत होतं. नवरा-बायको मऊ जुन्या वेष्टीचे, धोतराचे तुकडे घेऊन सकाळी सातला सुरू करायची, टोकाला पोचेपर्यंत सुरुवातीला परत दाणे. अंबा पुसायची बाळंतिणीचं कपाळ पुसावं तसं, दाबून नाही, टिपून. तुकोजी म्हणायचा, हे पाणी झोंबतं, चुना आहे त्यात, डोळ्याला हात लावू नको. तिच्या बोटांची सालं गेली. तिनं त्यावर तूप लावलं आणि पुसत राहिली.

लग्नाच्या आदल्या दिवशी तुकोजीनं आपल्या भिंतीसमोर हातभर अंतर सोडून दोरी बांधली, तिला नारळाच्या झावळ्या विणून लावल्या, मध्ये मध्ये केळीचे घड. सुंदर दिसत होतं. कल्याणरामांना सांगितलं, “कुणी टेकायचं नाही. आणि दिवे लांब. ऊब लागली की ती जास्त पाझरेल. एवढं सांभाळा, मिरासदार, पुढं शंभर वर्षं मी काही मागणार नाही.”

“तुम्ही शंभर वर्षं असणार का?” कल्याणराम म्हणाले, पण व्यवस्थापकाला बोलावून तसं बजावलंही.

लग्नाच्या दिवशी सकाळी व्हिडिओवाला आला. मद्रासचा होता, दोन माणसं, दोन मोठे हॅलोजन. त्यानं हॉलभर नजर फिरवली, डावीकडच्या भिंतीवर क्षणभर थांबला, झावळ्यांच्या फटीतून उजवीकडची पाहिली आणि म्हणाला, “हे झाकलं कुणी?”

वरात उतरत होती, नादस्वरम सुरू होतं, कल्याणराम व्याह्यांना ओवाळून घेत होते. तुकोजी मागच्या अंगणात जेवायच्या पंगतीत बसवला गेला होता. तो हात धुऊन येईतो दोरी सुटली होती, झावळ्या कोपऱ्यात पडल्या होत्या आणि दोन्ही दिवे भिंतीवर.

भिंत तेव्हा जी दिसली तशी नंतर कधीच दिसली नाही. प्रकाश तिच्यात शिरून आतून परत येत होता. अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभे नवरा-नवरी भिंतीतही उभे होते, पाण्याखाली लागलेल्या लग्नासारखे. माणसं मान वळवून बघत होती. म्हाताऱ्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. हरितानं स्वतः मुंडावळ्या सावरायला भिंतीत पाहिलं आणि हसली. साईराम खांबाला टेकून उभा होता. तुकोजीनं त्याला गाठलं, काही न बोलता शेजारी उभा राहिला. मुलाची तीन वर्षं त्याच्या मुठीत आली होती. त्यानं मूठ मिटली नाही इतकंच.

“दिवे काढायला सांग त्याला,” तो म्हणाला. “तू सांग. तुझं ऐकतील.”

“आता? मंगलाष्टकं चालू आहेत, अप्पा. संपू दे.”

मंगलाष्टकं लांबली. कुंभकोणमच्या एका आजोबांना स्वतः रचलेली दोन म्हणायची होती. वराची आई, जाडसर, सकाळपासून उपाशी, खुर्ची मागं सरकवत सरकवत भिंतीशी गेली आणि टेकली. आंबारंगी कांचीपुरम होती तिची. दोन्ही दिव्यांची ऊब सरळ तिच्या मागच्या भिंतीवर. अक्षता टाकायला ती उठली तेव्हा पाठीवर, पदरापासून कमरेपर्यंत, पांढरा ओला पट्टा होता, आणि रेशीम त्या पट्ट्यात आक्रसून कागदासारखं झालं होतं. कुणीतरी पुसायला गेलं तर धागे हातात आले.

ती ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, “हे माझ्या आईचं लुगडं.”

तेवढं पुरे झालं. वराकडची चार माणसं भिंतीजवळ आली, बोट लावून बघितलं, बोटाला पाणी लागलं. त्यात एक इंजिनियर निघाला. “वॉटरप्रूफिंगच केलेलं नाही,” तो म्हणाला.

कल्याणराम भर मांडवात तुकोजीकडं वळले. आवाज चढवला नाही त्यांनीही. “मेस्त्री, पाच महिने मी तुमच्या भिंतीची आरती केली. तिकडं बघा, तुमच्या मुलाची. कोरडी खडखडीत. टेका, लोळा, काही होत नाही.”

“झावळ्या…” तुकोजी म्हणाला.

“झावळ्या लावून झाकायची भिंत करायची कशाला?”

तुकोजीनं साईरामकडं पाहिलं. साईरामला ठाऊक होतं. दोरी, दिवे, घाम, महिना, अस्की ठाऊक होतं. सांगायला एक वाक्य लागलं असतं. तो डावीकडच्या भिंतीजवळ उभा होता आणि त्याला कुणीतरी विचारत होतं, अशी आमच्या घराला किती दिवसांत कराल? त्यानं खिशातून पेन काढलं.

त्यानंतर दुपारपर्यंत तुकोजी आपलं उपरणं घेऊन भिंत टिपत होता. व्हिडिओत तो तीन ठिकाणी दिसतो, पाठमोरा.

घरी आल्यावर अंबा मुलाला म्हणाली, “का रे, तोंड शिवलेलं का तुझं?”

“मी बोललों असतों तर काय लुगडं परत विणलं गेलं असतं?”

“नाही. बाप परत विणला गेला असता.”

तुकोजीनं हात वर करून तिला थांबवलं. करार तो पाळणार होता. माणसांनी कोरडी भिंत निवडली होती. त्यानं मुलाला परत कधी घाणीवर बोलावलं नाही. बैल विकला. घाणीचं चाक अंगणात आडवं पडलं, अंबा त्यावर वडम, तांदळाचे पापड, वाळत घालायची.

दोन पावसाळे गेले. साईराम तंजावुरात वेगळं घर करून राहिला, दारावर पाटी लागली, टीव्हीएस जाऊन मारुती आली. आईकडं तो शुक्रवारी यायचा, जिलेबी घेऊन.

तुकोजी एकदाच पापनाशमला गेला, अंबाच्या भाच्याचं लग्न तिथंच लागलं म्हणून. डावीकडची भिंत फुगली होती. मेणाखाली बुडबुडे धरलेले, खालून हातभर मीठ फुटलेलं, एक पोपडा त्याच्यासमोर एका मुलाच्या पानात पडला. उजवीकडची तशीच. सगळ्या नवऱ्या फोटोला तिच्यासमोर उभ्या राहत, असं व्यवस्थापक म्हणाला. मेस्त्री कोण ते त्याला माहीत नव्हतं. तुकोजीनं तळवा ठेवला. थंड, कडक, टिचकी मारली तर घडा वाजावा तशी.

घरी येऊन तो अंबाला एवढंच म्हणाला, “सुकली.”

दोन हजार साली, चित्रैच्या उन्हात, साईराम आडवाराचा आला. जिलेबी नव्हती. ओट्यावर बापाशेजारी बसला, चपला काढून, लहानपणी बसायचा तसा.

“मिरासदारांनी परत काम दिलंय. डावीकडची खराब झाली ना.”

“झाली.”

“टाइल्स लावायच्या म्हणतात. ग्लेज टाइल, गुजरातहून. दोन्हीकडं. हॉल एकसारखा दिसायला पाहिजे.”

आतून अंबा फिल्टरची कापी घेऊन आली होती ती दारातच थांबली. “उजवीकडचीला काय झालंय?”

“काही नाही झालं, अम्मा. तेच तर.” साईराम डोकं खाजवू लागला. “डावीकडची दोन तासांत निघाली. झाडूनं निघाली म्हण. ही निघत नाही. चार माणसं तीन दिवस बसली, छिन्न्या वाकल्या, सुपाएवढा तुकडा निघालाय. जोरात मारलं तर मागच्या विटा हलतात. आणि घोटलेल्यावर टाइल धरत नाही. वैकासीत त्यांचे अकरा मुहूर्त आहेत.”

“सांगितलंस त्यांना?” तुकोजीनं विचारलं. “की हिला काही करायला नको?”

साईरामनं कापीचा पेला घेतला, फुंकर मारली. “सांगितलं असतं तर म्हणाले असते, मग डावीकडची पण अशीच करा. कोण करणार?”

“मी.”

“किती दिवसांत?”

दोघांनाही आकडा ठाऊक होता.

“विटा हलल्या तर छत येईल खाली,” साईराम हळू म्हणाला. “माणसं आहेत हो माझी चार. तुम्हाला ठाऊक असेल काहीतरी. तुम्ही लावलीय ती.”

अंबा म्हणाली, “सांगू नका.” आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला असं काही सांगितलं. “आपटू दे डोकं तिच्यावर.”

तुकोजीनं ती भिंत डोळ्यांपुढं आणली, आणि तिच्यावर छिन्नी घेऊन बसलेली चार माणसं आणली, आडवी-तिडवी मारणारी. मग उठून खुंटीवरचा शर्ट घातला.

हॉलमध्ये उन्हाचे कवडसे होते आणि सिमेंटची धूळ. साईरामची माणसं बाजूला झाली. सुपाएवढी जखम मधोमध होती, तिच्या कडा फुटक्या. तुकोजीनं तिच्याकडं बघायचं टाळलं. तो डाव्या टोकाला गेला, डोळे मिटले आणि उजव्या हाताची दोन बोटं भिंतीवर ठेवून सावकाश सरकू लागला.

“एका दिवसाचा गिलावा जिथं संपतो आणि दुसऱ्या दिवसाचा लागतो, तिथं सांधा असतो,” तो म्हणाला. “तो दिसू न देणं हेच आमचं काम. डोळ्याला नाही कळायचा. बोटाला केसाएवढा थंड लागतो.” बोटं थांबली. “कोळसा दे.”

साईरामनं कोळसा दिला. तुकोजीनं छतापासून जमिनीपर्यंत एक रेघ ओढली, जराशी वाकडी. “इथं पातळ छिन्नी आडवी धर. मारू नको, ठोक. वरून खाली ये.”

साईरामनं ठोकलं. दहा-बारा ठोक्यांनी भिंतीतून एक लांब सुस्कारा निघाला आणि दाराएवढं पान, पाच थरांसकट, विटांपासून अलगद सुटलं. माणसांनी ते झेललं. आतल्या बाजूला मागच्या विटांचे ठसे होते, अंड्याच्या कवचासारखे नेमके.

“अप्पा,” साईराम म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. “काय सुटलं हो. एक टवका नाही उडाला.”

“दुसरा तिकडं, चार हातांवर,” तुकोजी म्हणाला. “ये. बोटं ठेव. दाबू नको. माझ्या बोटांवर ठेव.”

बापाच्या बोटांवर मुलाची बोटं सरकत गेली. एका जागी तुकोजी थांबला.

“कळलं?”

“थंड लागलं.”

दुसरी रेघ साईरामनं ओढली. ते पानही सबंध निघालं. तिसऱ्या वेळी तुकोजीनं हात मागं घेतला आणि नुसता उभा राहिला. साईरामनं डोळे मिटले, दोन बोटं ठेवली, सरकला, थोडा मागं आला, परत सरकला आणि थांबला. बरोबर जागी. ज्याला तीन वर्षं लागली असती ते त्याला एका सकाळीत येऊ लागलं होतं.

“इथं का, अप्पा?”

“इथंच,” तुकोजी म्हणाला, आणि छिन्नी त्याच्या हातात दिली.